घायपाताला दांडा येतो तेव्हा

“परसातल्या घायपाताच्या मधोमध खांबासारखा दांडा निघालाय. पंधरा दिवसांपूर्वी तिथं काहीच नव्हतं. झाडाला काही रोग झालाय का? आता ते मरणार का? दांडा छाटला तर वाचेल का?”

मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट या पट्ट्यात हा प्रश्न मला दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कुणी ना कुणी विचारतं. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि तो बागेची हौस असणाऱ्यांचा असतो: “असा दोन मजली फुलोरा आमच्या अंगणात मुद्दाम आणता येईल का?” दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. तो दांडा दोन-तीन महिन्यांत उभा राहतो हे खरं, पण त्याची कमाई आधीची दहा-वीस वर्षं चाललेली असते. ती कमाई झाड कशी करतं, कुठे साठवतं आणि एका हंगामात कशी उधळतं, ते समजून घेतलं की लावायचं कसं हे वेगळं सांगावं लागत नाही.

१. आधी ओळख

मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं गाव. मराठी आणि कन्नड दोन्ही इथे सहज कानावर पडतात, म्हणून या एका झाडालाही इथे दोन-तीन नावं मिळतात. कुणी घायपात म्हणतं, कुणी केकताड, तर कन्नड बोलणारे कत्ताळे म्हणतात. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, रेल्वेच्या कडेला पात्यांचा मोठा गेंद दिसतो, तेच हे.

या गेंदात दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिल्याचं पान रुंद, निळसर राखाडी आणि दोन्ही काठांना वाकड्या काट्यांची रांग असलेलं असतं. हा अगेव्ह अमेरिकाना. दुसऱ्याचं पान हिरवं, सरळ, तलवारीसारखं. त्याच्या काठाला काटे जवळजवळ नसतात, फक्त टोकाला एक काळपट सुई असते. हा अगेव्ह सिसालाना. ज्याच्या तंतूंना आपण वाख म्हणतो आणि ज्यापासून दावी, कासरे, चऱ्हाटं वळली जातात, तो प्रामुख्याने हा दुसरा.

अमेरिकाना जवळून पाहायला मिळाला तर एक गंमत जरूर पाहा. मधल्या कोंबातून नुकतंच सुटलेलं पान हळूच वाकवा आणि त्याची पाठ न्याहाळा. तिथे काट्यांची एक फिकट नक्षी उमटलेली असते, एखाद्याने साच्याने दाबल्यासारखी. कोंबात असताना पानं एकमेकांना घट्ट चिकटून असतात. शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा या पानावर पडतो आणि तो जन्मभर जात नाही.

हे झाड मूळचं आपलं नाही. अगेव्हची सारी जात अमेरिका खंडातली, त्यातही तिचं माहेर मेक्सिको. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे कुणी घायपात पाहिलं नव्हतं. आज मात्र दख्खनच्या माळाचं चित्र त्याच्याशिवाय पुरं होत नाही, इतकं ते इथे रुजलं आहे. त्याचं एक भावंड तर आपण डोक्यात माळतो. निशिगंध, म्हणजे बाजारात गुलछडी म्हणतात तो, हाही मेक्सिकोचाच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता त्याला अगेव्हच्याच घराण्यात घेऊन अगेव्ह अमिका असं नाव दिलं आहे. निशिगंधाची छडी आणि घायपाताचा खांब यांची ठेवण एकच आहे, फरक फक्त मापाचा.

पुष्कळ जण कोरफडीलाही घायपाताचं पिल्लू समजतात. ते चूक आहे. कोरफडीचं पान मोडलं की आतून गर निघतो, घायपाताचं पान मोडता मोडत नाही कारण ते तंतूंनी भरलेलं असतं. कोरफडीला वर्षानुवर्षं फुलं येतात आणि ती जगत राहते. घायपाताचं तसं नाही, ते पुढे येईलच.

२. दुपारी बंद, रात्री उघडी

आता कमाईकडे वळू. प्रत्येक झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर करतं. आत घेण्यासाठी पानांवर बारीक छिद्रं असतात. अडचण अशी की कार्बन डायऑक्साइडसाठी छिद्र उघडलं की त्याच वाटेने आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. मैंदर्गीच्या एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी छिद्रं उघडी ठेवणं म्हणजे तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडत बसणं.

घायपाताने यावर काढलेली तोड आपल्या गावच्या घरांसारखी आहे. उन्हाळ्यात आपण दुपारी दारं-खिडक्या लावून घेतो आणि दिवस मावळला की सगळं उघडतो. घायपातही दिवसा छिद्रं मिटून घेतं आणि रात्री, हवा गार झाल्यावर, उघडतं.

पण इथे एक शंका यायला हवी. साखर करायला ऊन लागतं, आणि रात्री ऊन कुठून आणायचं? म्हणून काम दोन पाळ्यांत चालतं. रात्री पीठ दळून ठेवायचं आणि सकाळी चूल पेटली की भाकरी भाजायची, तसंच. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड झाड एका आंबट पदार्थाच्या रूपात साठवतं. हे मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं. सकाळी सूर्य उगवला की छिद्रं बंद होतात, आत साठवलेलं आम्ल फुटतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि बंद दाराआड त्याची साखर होते.

हे कोडं उलगडण्याची सुरुवात भारतात झाली, याचा मला फार आनंद वाटतो. बेंजामिन हाइन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर आणि वनस्पतींचा अभ्यासक दक्षिण भारतात राहिला होता. आपल्या घरोघरी असते त्या पानफुटीची पानं त्याने वेगवेगळ्या वेळी चाखली. सकाळी ती चांगलीच आंबट लागली, दुपारपर्यंत आंबटपणा गेला आणि संध्याकाळी ती किंचित कडसर लागली. हे निरीक्षण त्याने १८१३ मध्ये पत्रातून कळवलं. जिभेने लावलेल्या या शोधाचा रासायनिक उलगडा व्हायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. (तुम्ही मात्र चाखून पाहू नका. पानफुटीत अपायकारक द्रव्यंही असतात, आणि घायपाताचा रस तर तोंडाला मुळीच लावण्याजोगा नाही.)

३. एका घागरीचा हिशोब

सोलापूरकरांना काटकसरी पीक म्हणजे ज्वारी, हे सांगायला नको. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ जमिनीतल्या ओलीवर सबंध रब्बी काढते. मग घायपात आणि ज्वारी यांच्यात जास्त काटकसरी कोण?

एक घागर पाणी घ्या, १५ लिटरची, म्हणजे १५,००० ग्रॅम. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घेताना गव्हासारखं पीक साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी वाफेने गमावतं, ज्वारीसारखं २५० ते ३००, आणि घायपाताच्या पद्धतीने जगणारी झाडं फक्त ५० ते १००. मधले आकडे धरून भागाकार केला तर त्याच एका घागरीत गहू सुमारे ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कमावतो, ज्वारी ५५ ग्रॅम आणि घायपात २०० ग्रॅम.

मात्र या काटकसरीची किंमत असते. रात्रीच्या साठवणीला मर्यादा आहे. पानात जेवढं आम्ल मावेल तेवढीच दुसऱ्या दिवसाची कमाई. म्हणून घायपात वाढतं ते अगदी सावकाश. ज्वारी चार महिन्यांत कणीस दाखवते, तर घायपात चार महिन्यांत दोन-चार पानं. ज्याला घाई आहे त्याने हे झाड लावू नये, असं मी मनापासून सांगतो.

ही कमाई साठते कुठे? पानांच्या जाड बुडख्यात आणि मधल्या आखूड खोडात. तिथे साखरेच्या लांब साखळ्या तयार होतात, त्यांना फ्रुक्टान म्हणतात. मेक्सिकोत टकीला नावाची दारू ज्या निळ्या अगेव्हपासून करतात, त्याची पानं छाटून उरलेला हा गाभा सहज ३० ते ७० किलो भरतो, आणि दारू होते ती याच साखरेची. आपल्या बांधावरच्या घायपाताच्या पोटातही अशीच ठेव असते, फक्त ती कुणी उकरून काढत नाही.

४. केळीसारखा जन्म

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. घायपाताचा एक गेंद जन्मात एकदाच फुलतो आणि फुलून मरतो. हा रोग नाही, त्याचा स्वभाव आहे.

हा स्वभाव आपल्याला अनोळखी नाही. केळ काय करते? एकदा घड देते आणि मग ती केळ कापायची, पुढे तिच्या बुडातली पिल्लं वाढवायची. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, एकदाच सगळा डोंगर जांभळा करते आणि वाळते. अनेक जातींच्या बांबूंना कैक वर्षांनी एकदाच फूल येतं आणि अख्खं बेट मरून जातं. घायपात याच पंगतीतलं.

दांडा छाटला तर? केळीचं उदाहरण इथेही चालतं. कोका कापला म्हणून केळ पुन्हा पानं काढू लागत नाही. घायपाताच्या मधल्या कोंबातून आजवर पानं निघत होती. ज्या दिवशी त्या कोंबाने दांडा व्हायचं ठरवलं, त्या दिवशी पानांचा कारखाना कायमचा बंद झाला. दांडा कापल्याने झाड थोडं जास्त दिवस तग धरेल, पोटातली साखर पोटातच राहील, पण नवं पान येणार नाही. मेक्सिकोतले शेतकरी दांडा निघताच कापतात ते झाड वाचावं म्हणून नव्हे, तर ती साखर आपल्या पदरात पडावी म्हणून. तुम्हाला साखर नको आहे. मग दांडा कापून फूलही गेलं आणि झाडही गेलं, असं कशाला करायचं?

५. दीपमाळ

दांडा निघतो तेव्हा तो फुलासारखा दिसतच नाही. शतावरीचा जमिनीतून वर आलेला कोवळा कोंब पाहिला असेल तर तोच मनात शंभरपट मोठा करा. घायपात आणि शतावरी एकाच कुळातली आहेत, त्यामुळे हे साम्य उगाच नाही. मांडीएवढा जाड, खवल्यांसारख्या पानांनी लपेटलेला हा कोंब दिवसाला दहा सेंटिमीटर वाढला तरी ऐंशी दिवसांत आठ मीटर होतो. अमेरिकानाचा दांडा आठ-नऊ मीटरपर्यंत जाऊ शकतो, सिसालानाचा पाच-सहा मीटर. दुमजली घराची गच्ची साधारण सहा-सात मीटरवर असते.

याच काळात खाली पाहा. कालपर्यंत फुगलेली पानं मऊ पडू लागतात, त्यांना सुरकुत्या येतात, टोकं झुकतात. वीस वर्षांची ठेव मोडून ती वर चढवली जाते आहे. बघताना मन हळहळतं, पण पाणी घालून ते थांबत नाही.

पुरेशी उंची झाली की वरच्या भागात आडव्या फांद्या फुटतात आणि प्रत्येकीच्या टोकाला पिवळसर हिरव्या फुलांचा झुबका धरतो. देवळापुढची दगडी दीपमाळ डोळ्यांपुढे आणा, हुबेहूब तीच आकृती. आणि दिवेही क्रमाने लागतात. खालच्या फांदीवरची फुलं आधी उमलतात, मग तिच्या वरची, असं काही आठवडे चालतं. फुलातून लांब बाहेर आलेल्या केसरांवर पराग असतात आणि पेल्यात मध इतका की मधमाश्या, मुंग्या, बुलबुल, शिंजीर दिवसभर तिथून हलत नाहीत.

एवढी उंची कशासाठी? सोलापुरात मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. त्या गर्दीत तुम्ही कुठेही असा, सात नंदीध्वज दिसतातच, कारण ते माणसांच्या डोक्यांवरून वर गेलेले असतात. घायपाताचं घर म्हणजे मेक्सिकोचा ओसाड माळ. तिथे त्याच्या फुलांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे रात्री लांब लांब उडणारी वटवाघळं. माळावर झुडपांच्या वर उठलेला एकच खांब त्यांना दुरून सापडतो. त्यातही ज्याचा खांब उंच आणि झुबके मोठे, त्याच्याकडे पाहुणे जास्त. मग थोडं थोडं दरवर्षी फुलण्यापेक्षा सगळी पुंजी एकदाच लावून सर्वांत उंच व्हावं, हा सौदा त्याला परवडला.

६. किती वर्षं थांबायचं?

इंग्रज लोक याला सेंच्युरी प्लांट म्हणत, म्हणजे शंभर वर्षांनी फुलणारं झाड. ते अतिशयोक्त आहे. मोकळ्या जमिनीत, भरपूर उन्हात अमेरिकाना साधारण दहा ते तीस वर्षांत फुलतं. सिसालाना त्याहून लवकर, आठ-दहा वर्षांपासून पुढे केव्हाही.

नावात थोडं तथ्य आहे ते थंड देशांपुरतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या मॅथाय वनस्पती उद्यानात १९३४ मध्ये मेक्सिकोहून आणलेलं एक अगेव्ह काचघरात वाढत होतं. ते फुललं २०१४ मध्ये, तब्बल ८० वर्षांनी. दांडा छताला टेकला तेव्हा त्याला वाट द्यायला वरची काच काढावी लागली. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि छत आभाळाचं. जिथे ऊन जास्त तिथे रोजची कमाई जास्त, आणि जिथे कमाई जास्त तिथे ठेव लवकर भरते.

यातूनच एक नियम निघतो, आणि माझ्या मते या झाडाच्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा: पानं कापू नका. पान ही नुसती शोभा नाही, ते कमावतं अंग आहे. वाखासाठी लावलेल्या सिसालानाची गोष्ट निराळी. एक झाड जन्मात दोनशे ते अडीचशे पानं देतं आणि एका पानात हजाराच्या आसपास तंतू असतात. तंतू सरासरी एक मीटरचा धरला तर दोनशे पानांचा वाख टोकाला टोक जोडून दोनशे किलोमीटर भरेल, म्हणजे सोलापूरहून निघून पुण्याच्या अलीकडच्या यवतपर्यंत. पण वाख हवा की खांब, हे आधी ठरवायचं. दोन्ही एका झाडाकडून भरघोस मागू नये.

७. मैंदर्गीच्या मातीत

घायपात बांधावर आपोआप वाढतं, मग अंगणात लावलेलं का कुजतं? कारण बांध उंच असतो आणि पाणी तिथे थांबत नाही. अंगणात काळी माती असेल तर ती पाणी धरून बसते. ज्वारीला हाच गुण तारतो आणि घायपाताला मारतो. आपल्याकडे पाऊस एकूण कमीच, पण सप्टेंबरमध्ये एकदम कोसळतो. तेव्हा मुळाशी आठवडाभर ओल साचली की बुडखा आतून सडायला लागतो.

जागा पारखायची सोपी रीत आहे. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि घड्याळ पाहा. दुसरं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर खुशाल लावा. सकाळपर्यंत खड्ड्यात पाणी दिसलं तर तिथे जमिनीत लावू नका, दीड-दोन फूट उंच ओटा करा. त्यात दोन घमेली मुरूम, एक घमेलं पोयट्याची माती आणि एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत या हिशोबाने भरा. ताजं शेण नको.

रोप विकत आणायची गरज नाही. जुन्या गेंदाच्या बुडाशी पिल्लं असतात, त्यातलं वीतभर उंचीचं, स्वतःची मुळं असलेलं पिल्लू कुदळीने सोडवा. चार-पाच दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्या आणि मग लावा. ही वाळवणी बरेच जण टाळतात आणि ओल्या जखमेतून कूज आत शिरते. लावताना बुडखा जमिनीच्या किंचित वर राहू द्या, गळ्यापर्यंत पुरू नका. पहिलं वर्षभर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी पुरे. पुढे पावसावर सोडा.

कुंडीत लावायचं असेल तर मनाची तयारी ठेवा की झाड देखणं होईल पण खांब फार उशिरा येईल, किंवा येणारही नाही. कुंडीभर मातीत ठेव भरायची कशी? लहान अंगण असेल तर अगेव्ह अटेनुआटा हा बिनकाट्याचा प्रकार बरा. त्याचा फुलोरा दोन-तीन मीटरचा असतो आणि कोल्ह्याच्या शेपटीसारखा डौलात खाली वळतो.

उंच फूल हवं पण झाड मरायला नको, असं ज्यांना वाटतं त्यांनी खांबासारखा वाढणारा निवडुंग, सेरियस, लावावा. इथे फूल उंचावर नेणारा दांडा नसतो, झाडाचं खोडच चार-पाच मीटर वाढतं आणि दरवर्षी त्याच्या अंगावर मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तोही निवडुंगच, या सेरियसचा लांबचा नातलग.

जागेबद्दल दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. अमेरिकानाचा गेंद पुढे सहा-आठ फूट पसरतो, तेव्हा वाटेपासून, लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि गुरांच्या दावणीपासून तो लांब हवा. टोकाची सुई डोळ्यासाठी धोक्याची आहे. पान न कापता नुसती सुई नखाएवढी छाटली तरी चालतं. आणि डोक्यावर विजेची तार नको. आज गुडघ्याएवढं असलेलं रोप वीस वर्षांनी तारेपर्यंत पोचणार आहे, हे लावतानाच धरून चाला.

काम करताना बाह्या लांब ठेवा. पानाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते कातडीत टोचतात आणि खाज सुटते, पुरळ उठतं. ‘घाय’ म्हणजे जखम. हे नाव किती नेमकं आहे ते एकदा उघड्या हाताने पान तोडणाऱ्याला विचारावं.

८. खांब उभा राहिल्यावर

फुलं झडली की दोन्ही प्रकारांच्या वाटा वेगळ्या होतात. अमेरिकानाला बोंडं धरतात, त्यांत चपट्या काळ्या बिया असतात. सिसालानाला बी क्वचितच धरतं. फुलं गळून पडली की त्याच देठांपाशी हिरवी, बोटभर पिल्लं फुटतात, शेकड्यांनी. दांड्यावर झुलतानाच त्यांना पानं येतात आणि वाऱ्याने ती खाली पडतात.

ही पिल्लं पडायला लागली की खाली जुनं लुगडं किंवा पोतं अंथरून ठेवावं. चार पानांची, टणक तेवढी वेचून वाफ्यात वीतभर अंतराने लावावीत आणि वर्षभराने कायमच्या जागी हलवावीत.

मोठा गेंद तोवर वाळून तपकिरी होतो. त्याला लगेच हात लावू नका. ओला दांडा फार जड असतो आणि कापताना कुठे पडेल सांगता येत नाही. दोन-तीन महिने उन्हात वाळला की तोच इतका हलका होतो की दोन माणसं सहज खांद्यावर नेतात. आधी वर दोर बांधा, तो मोकळ्या बाजूला ताणून धरायला एक माणूस उभा करा, मग बुडाशी करवत लावा. वाळका दांडा दोडक्या-कारल्याच्या मांडवाला आडवा घातला तर दोन हंगाम टिकतो. आणि बुडखा उकरायला जाल तेव्हा कुदळ जपून चालवा, त्याच्या चारी बाजूंना मातीखालून पिल्लांचे कोंब वर येत असतात.